सूर्योदयापर्यंत शनिवार

मिठबावच्या बाजारातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या शेडला लागून एक दुमजली घर आहे. खाली नर्मदा राहते. तिने तीस वर्षं मासे विकले. वर तिची मुलगी रसिका बसते, आणि ती तारखा विकते असं गावातले टवाळ म्हणतात. म्हणणं अगदीच खोटं नाही. रसिका वेबसाइट बनवते, पण त्यातला दिसणारा भाग, म्हणजे रंग, फोटो, वाकलेला माड वगैरे, तो दुसरं कोणीतरी करतं. तिचं काम मागच्या अंगाचं, सर्वरवरचं. होमस्टेची कुठली खोली कुठल्या दिवशी मोकळी, आंब्याची पेटी निघाल्यापासून किती दिवसांत पुण्याला पोचणार, बोटीच्या परवान्याची आठवण मुदतीच्या किती दिवस आधी द्यायची. कुठूनही सुरुवात करा, शेवटी गाडी तारखेत काहीतरी मिळवण्यावर नाहीतर तारखेतून काहीतरी वजा करण्यावर येऊन थांबते.

हे काम पोराटोरांचं वाटतं, पण तसं ते नाही. एकतीस जानेवारीत एक महिना मिळव, असं सर्वरला सांगून बघा. फेब्रुवारीत एकतीस तारीख नसते हे त्याला कळतं, पण तो तसं तोंडाने सांगत नाही. निमूट पुढे चालत राहतो आणि तीन मार्चला जाऊन बसतो. पुण्याच्या पहिल्या नोकरीत रसिकाने याच एका गोष्टीपायी सगळा आठवडा घालवला होता. त्या नोकरीत ती सहा वर्षं टिकली. टाळेबंदीत घरी आली, घरूनच काम करू लागली, मग कंपनीने पुण्याचं ऑफिस गुंडाळलं तेव्हा परत जायचा प्रश्नच उरला नाही. आता ती छत्तीसची आहे. लग्नाचं विचारणारे थकले आहेत, आणि ती कोणावर रागवत नाही. तिला राग येतो तो फक्त चुकीच्या तारखेचा.

तीन वर्षांपूर्वी गावच्या मुंबईतल्या मंडळाचे सेक्रेटरी विनीत तिच्याकडे एक काम घेऊन आले. गावात कोणी वारलं की मुंबईकरांना दहावा कधी, बारावा कधी, हे नीट कळत नाही. एक म्हणतो मंगळवार, दुसरा म्हणतो बुधवार, रजा मात्र एकाच दिवसाची मिळते. तेव्हा एक साधी वेबसाइट करावी. घरच्या माणसाने नाव, वाडी आणि गेल्याची तारीख-वेळ भरायची. पुढचं सगळं सर्वरने मोजायचं आणि चारशे सभासदांच्या मोबाइलवर पाठवायचं.

रसिकाने दोन दिवसांत ते करून दिलं. दहावा म्हणजे तारखेत दहा दिवस मिळवा, इतकं सरळ. पहिलीच तारीख चुकली. गावचे भटजी काशिनाथ, वय सत्तरच्या पुढे, तिच्या दारात छत्री टेकून उभे राहिले.

"गो, माणूस गेलो त्या दिसाक तू शून्य म्हणतंस?"

"मोजणी तशीच असते, काका. दुसऱ्या दिवशी एक पुरा होतो."

"तुज्या यंत्रात आसात. आमच्यात गेलो तो दिस पयलो. तो दिस मोजूचो नाय तर तो खंय गेलो?"

रसिकाने दहाच्या जागी नऊ लिहिले. काशिनाथ समाधानाने गेले आणि त्यानंतर त्यांनी वेबसाइटकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना बघायची गरज नव्हती. ते बोटांच्या पेरांवर मोजत, आणि गाव त्यांच्या बोटांवर चाले. वेबसाइटवर मुंबई चालायची. दोन्ही तारखा बहुधा एकच येत, म्हणून त्या एकमेकींशी ताडून पाहायचं कधी कोणाला सुचलं नाही.

तिचं आणखी एक काम होतं, ते फुकटातलं आणि तिला सगळ्यांत आवडतं. नर्मदेच्या शेजारी बाजारात तीस वर्षं पाटी मांडून बसलेली चंद्रावती हिचा मुलगा निकेत आखातात मालवाहू बोटीवर होता. वर्षातून एकदा यायचा. चंद्रावती रोज सकाळी माडीखाली उभी राहून विचारायची, "बाय, किती दिस ऱ्हवले?" रोजचं सांगणं नको म्हणून रसिकाने सर्वरवर एक बारकासा प्रोग्रॅम टाकून दिला. निकेतच्या येण्याच्या तारखेतून आजची तारीख वजा करायची आणि रोज सकाळी सात वाजता चंद्रावतीच्या मोबाइलवर नुसता आकडा पाठवायचा. चंद्रावतीला अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र पक्के येत. पहिल्याच दिवशी तिने हिशेबात खोट काढली.

"ह्यातलो एक कमी कर. येवचो दिस धरूचो नाय. त्या दिसा तो हयच आसतलो, मगे वाट कसली बघू?"

रसिकाने एक कमी केला. काशिनाथांना पहिला दिवस धरायचा होता, चंद्रावतीला शेवटचा सोडायचा होता. पुण्यातल्या तिच्या साहेबाला हे सांगितलं असतं तर त्याला वेड लागायची पाळी आली असती.

मागच्या नोव्हेंबरात सर्वरवरची पीएचपी, म्हणजे कोड ज्या भाषेत लिहितात ती, जुनी झाली म्हणून रसिका सगळा कोड नव्या आवृत्तीवर नेत होती. मंडळाच्या वेबसाइटची पाळी आली तेव्हा तिने तपासायला म्हणून एक खोटी नोंद भरली, वेळ पहाटे सव्वादोन. उत्तर आलं ते एका दिवसाने मागचं. कारण लगेच सापडलं. सर्वर सगळ्या वेळा ग्रीनिचच्या घड्याळात ठेवतो, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. तशी ठेवलेली वेळ परत आपल्या घड्याळात आणायची आणि मग दिवस मिळवायचे, हे शाळकरी ज्ञान. ते ती विसरली होती. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात गेलेला प्रत्येक माणूस तिच्या हिशेबाने आदल्या दिवशी गेलेला होता. जुन्या नोंदी काढल्या तर तीन वर्षांत असे सतरा जण निघाले. सतराही जणांचे दहावे वेबसाइटने एक दिवस आधी सांगितले होते, आणि एकाचीही तक्रार नव्हती.

तक्रार का नव्हती, हे विचारावं असं तिला वाटायला हवं होतं. एकदा तर घरच्यांकडून कळल्यावर काशिनाथांनी फोन करून, पहाटे पावणेसहाला गेलेल्या एका म्हाताऱ्याची तारीख "एक दिस मागे घे" म्हणून सांगितलं होतं आणि तिने ती मुकाट्याने मागे घेतली होती. पण शरमेने माणसाची नजर आखूड होते. आपली इतकी ढोबळ चूक तीन वर्षं चव्हाट्यावर होती आणि लोकांनी भिडेखातर खपवून घेतली, असं तिने धरलं. एक ओळ घातली, वेळ हिंदुस्थानच्या घड्याळात आणली आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

जानेवारीच्या दहा तारखेला, शुक्रवारी पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी चंद्रावती गेली. दोन दिवस छातीत दुखत होतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मोबाइलवर आकडा आला होता एक्केचाळीस. निकेत बोटीवर, बोट भर समुद्रात, तेव्हा अग्नी पुतण्या सर्वेशने दिला. सर्वेशचा माशांचा टेम्पो आहे. चंद्रावतीचं त्याच्यावर प्रेम होतं, पण जीव अडकलेला होता निकेतमध्ये, आणि सर्वेशलाही ते ठाऊक होतं. सकाळी त्यानेच वेबसाइटवर नोंद भरली. सर्वरने चारशे जणांना कळवलं, दहावा रविवार, एकोणीस जानेवारी. त्यातला एक संदेश निकेतच्या मोबाइलवर गेला. त्याने लगेच कॅप्टनला गाठलं, बदली माणूस मागितला, विमानाचं आणि रेल्वेचं तिकीट काढलं आणि रसिकाला कळवलं: शनिवारी मुंबईत उतरतो, रातची गाडी धरतो, रविवारी पहाटे नांदगाव स्टेशनावर. दहाव्याक पोचतंय.

पुढचे दिवस रसिका जड मनाने पण नेमाने काम करत राहिली. चंद्रावतीच्या मोबाइलवरचा रोजचा आकडा बंद करायचा राहून गेला. ते तिच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी दुपारी नर्मदा खालून म्हणाली, "शेनवारी सकाळी नवाक खाडीर जावचा आसा. चंद्रावतीचो दहावो."

"आयतवारी गो, आई."

"भटजींनी सर्वेशाक शेनवार सांगलानी. सामान पण हाडून झाला."

रसिका चपला न घालताच काशिनाथांच्या घरी गेली. ते पडवीत दर्भ निवडत होते. तिने विचारलं तेव्हा त्यांनी बोटं पुढे केली. गुरुवार एक, शुक्रवार दोन, असं करत दहाव्या पेरावर शनिवार आला.

"पण ती शुक्रवारी गेली. पहाटे तीन-चाळीसला."

"सूर्य उगवलो हतो?"

"नाही."

"मगे शुक्रवार कसो? सूर्य उगवापर्यंत आदलोच दिस. घड्याळात बारा वाजले म्हणान दिस बदलणा नाय, बाय. आमच्या आज्यापासना ह्याच चालला."

रसिका पडवीच्या पायरीवर बसली. आता तिला ते सतरा जण समजले. ग्रीनिचचा दिवस बदलतो तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि त्यानंतर तास-दीड तासात गावचा दिवस उजाडतो. तिची चूक आणि काशिनाथांची रीत तीन वर्षं हातात हात घालून चालली होती. नोव्हेंबरात तिने चूक दुरुस्त केली तेव्हा तारीख चुकीची झाली. पावणेसहाचा म्हातारा तेवढा दोन्हींच्या मधल्या फटीत सापडला होता, त्याच्याकडेही तिने नीट पाहिलं नव्हतं.

"दहावा रविवारी करता येईल का, काका? निकेत रविवारी पहाटे येतोय. माझ्या चुकीमुळे त्याने तिकीट तसं काढलंय."

काशिनाथांनी दर्भ खाली ठेवला. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. "दहावो दहाव्याच दिसा. तो बदलूचो अधिकार माका नाय. झीलाक सांग, लवकर ये म्हणान."

झीलाला सांगणं हे पुढचं काम होतं. फोन लागायला दोन तास गेले. रसिकाने आडपडदा ठेवला नाही. दहावा शनिवारी आहे, वेबसाइटने रविवार सांगितला, आणि तो मी केलेल्या बदलामुळे सांगितला. पलीकडे इंजिनाचा आवाज येत राहिला.

"आमची बोट शेनवारी सकाळीच बंदराक लागतली," निकेत म्हणाला. "आता काय करू शकणय नाय. पयल्याच दिसा म्हायत आसता तर बुधवारी माणसां घेवन किनाऱ्याक गेलेल्या बारक्या बोटीर चढलंय असतंय. त्या बोटीर जागा हती. माका वाटला, एक दिस हातात आसा."

"चूक माझी आहे, निकेत."

"सर्वेशाक करूंदे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. चुकलेली तारीख दुरुस्त करता येते, हेच तिचं आजवरचं पोटापाण्याचं साधन होतं. ही दुरुस्त करता येत नव्हती. संध्याकाळी तिने चारशे जणांना सुधारित संदेश पाठवला. विनीतनी मुंबईहून सुचवलं की 'तांत्रिक कारणास्तव' असं घालावं, बरं दिसतं. तिने 'चूक माझी आहे' असं लिहिलं आणि खाली नाव घातलं.

शनिवारी खाडीच्या काठावर पन्नासेक माणसं जमली. बायका सुरूच्या झाडांखाली, पुरुष वाळूवर. सर्वेशने मुंडण केलं होतं. सगळे विधी रीतसर झाले, साडेदहाच्या सुमारास पिंड मांडला गेला आणि लोक मागे सरले. आता कावळा यायचा आणि शिवायचा.

कावळे होते. सुरूवर चांगले आठ-दहा बसले होते. पण एकही खाली उतरेना. सर्वेश हात जोडून म्हणाला, "काकी, घर मी सांभाळतंय." नर्मदा पुढे येऊन म्हणाली, "चंद्रावती, तुजी जागा बाजारात कोणाक देवचंय नाय." कोणी म्हणालं, निकेताचं लगीन आम्ही लावू. कोणी म्हणालं, मांजर आम्ही बघू. एक कावळा उडाला आणि खाडीपलीकडे मासळी वाळत घातली होती तिकडे गेला. बाकीचेही एकेक करून त्याच्या मागे गेले. तास झाला. ऊन चढलं. काहीजण घड्याळ बघू लागले, कारण परतीची एसटी एकच होती.

कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे काम पुरं होतं. काशिनाथांनी पिशवीतून दर्भ काढला आणि वळायला घेतला. सर्वेशने मान खाली घातली. इतका वेळ सुरूखाली उभी असलेली रसिका वाळू तुडवत पुरुषांमधून पुढे आली. लोकांनी वाट दिली, पण खुशीने नाही. हे सगळं कोणामुळे झालं ते आता सगळ्यांना माहीत होतं.

"काका, दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो ना?"

"सांगलंय तुका परवा."

"मगे आजचो शेनवार संपता कधी?" इतकी वर्षं पुण्याची भाषा वापरून तिला बोलीत कमी बोलायची सवय झाली होती, पण आता शब्द आपसूक आले. "फाल्या सकाळी सूर्य उगवापर्यंत दहावो दिसच आसा. तुमच्याच मोजणीन. निकेत तेच्या आदी येता."

काशिनाथांचे हात थांबले. "तू माका शास्त्र शिकयतंस?"

"नाय. तुमीच शिकयलास. चंद्रावती रातची गेली तर ती आदल्या दिसात धरलास. मगे तिचो झील रातचो येता, तेका कोणच्या दिसात धरतलास?"

काशिनाथ हातातल्या अर्धवट वळलेल्या दर्भाकडे बघत राहिले. त्यांचं सगळं आयुष्य लोकांना 'असं चालत नाही' सांगण्यात गेलं होतं, आणि हे का चालत नाही ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी दर्भ परत पिशवीत टाकला.

"रातचो पिंड ठेवूचो नाय," ते म्हणाले. "पण तांबडा फुटल्यार ठेवूक हरकत नाय. सूर्य उगवापर्यंत शेनवार. तेच्या फुडे एक मिनिट नाय हां, आताच सांगतंय."

आता सगळं गाडीवर होतं. नांदगावला गाडी चार-पन्नासला येते असं वेळापत्रक म्हणतं. रविवारी सर्वेश आणि रसिका टेम्पो घेऊन पहाटे साडेचारलाच स्टेशनात उभे होते. थंडी होती. सूर्योदय सात वाजून पाच मिनिटांनी. त्यातून मिठबावपर्यंतच्या रस्त्याचा तास-सव्वातास वजा केला की उरतात पावणेसहा. रसिका हे मनात पुन्हा पुन्हा करत होती, जणू एखाद्या वेळी उत्तर वेगळं येईल. पाच वाजले, सव्वापाच झाले. सर्वेशने बिडी पेटवली आणि विझवली. साडेपाचला गाडी आली आणि निकेत एका काळ्या पिशवीसकट उतरला. तो सर्वेशच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघत राहिला, मग त्याने त्याला मिठी मारली.

टेम्पोत तिघं पुढेच बसले. रसिकाने शनिवारची हकिकत सांगितली. निकेतने ऐकून घेतलं.

"म्हणजे अजून होऊक नाय?" त्याने एवढंच विचारलं.

"अजून शेनवार आसा," सर्वेश म्हणाला आणि त्याने टेम्पो दामटला.

ते खाडीवर पोचले तेव्हा सहा-चाळीस झाले होते. पूर्वेला डोंगराच्या कडेवर तांबडं फुटत होतं. काशिनाथ ओल्या धोतरात उभे होते, शेजारी नर्मदा आणि आणखी चार माणसं. निकेतने खाडीत बुडी मारली आणि ओल्या अंगाने कुडकुडत पिंड मांडला. सगळे मागे सरले. कावळे जागे झाले होते, सुरूवर त्यांची कावकाव चालली होती, पण खाली यायची घाई त्यांना आजही नव्हती. निकेतने हात जोडले. काशिनाथ पंचांगातली वेळ आणि मनगटावरचं घड्याळ आलटून पालटून बघत होते. सहा-पन्नास. सहा-पंचावन्न.

सात वाजता सर्वेशच्या खिशात मोबाइल वाजला. तो चंद्रावतीचा होता. भेटायला येणाऱ्यांचे फोन येत म्हणून त्याने तो जवळ ठेवला होता. रसिकाला काय झालं ते एका क्षणात कळलं आणि तिने डोळे मिटले. सर्वेशने मोबाइल काढून बघितला आणि निकेतच्या हातात दिला.

पडद्यावर आकडा होता, एकतीस. त्याच्या वर बत्तीस, त्याच्या वर तेहतीस. निकेतने बोटाने मागे सरकवलं. एक्केचाळीस, बेचाळीस, साठ, नव्वद, दोनशे. रोज सकाळी सातला, एकही दिवस न चुकता.

"ह्या काय?" त्याने विचारलं.

"तू येवक किती दिस ऱ्हवले, ते," रसिका म्हणाली. "ती रोज विचारायची. येवचो दिस धरूचो नाय, म्हणायची. त्या दिसा तो हयच आसतलो."

निकेत तोंड फिरवून रडला. मग ओल्या हाताने डोळे पुसत पिंडाकडे वळला आणि साध्या आवाजात, घरात शिरताना म्हणावं तसं म्हणाला, "आये, आता दिस मोजू नको. मी इलंय."

कावळा खाली आला. हे ऐकून आला की पुरतं उजाडलं म्हणून आला, हे सांगणं कठीण आहे, आणि तिथल्या कोणी ते विचारलंही नाही. तो दोन उड्या मारून पिंडापाशी गेला, मान तिरकी केली आणि चोच घातली.

काशिनाथांनी घड्याळ बघितलं. "शेनवार संपाक तीन मिनटा आसत," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

घरी आल्यावर रसिका न जेवता माडीवर गेली. आधी तिने मंडळाच्या वेबसाइटचा कोड उघडला. पीएचपीला कुठल्याही गावचा सूर्योदय काढता येतो, फक्त अक्षांश-रेखांश सांगावे लागतात. ते तिने मिठबावचे दिले. गेल्याची वेळ त्या दिवसाच्या सूर्योदयाच्या आधीची असेल तर तारखेतून एक दिवस वजा, आणि मग नऊ दिवस मिळवा. वर मराठीतच एक टीप लिहिली, की ही चूक नाही, दुरुस्त करू नये, शंका आल्यास काशिनाथ भटजींना विचारावं. खाली त्यांचा फोन नंबर दिला.

मग तिने चंद्रावतीचा प्रोग्रॅम उघडला. तो एका फटक्यात पुसून टाकता आला असता, नाहीतर येण्याची तारीख आली की तो आपोआप थांबे. त्यात निकेतच्या येण्याची तारीख अजून वीस फेब्रुवारी होती. तिने ती खोडून एकोणीस जानेवारी लिहिली, कारण रेल्वेच्या तिकिटावर पोचण्याची तारीख तीच होती. मग एकोणीस खोडून तिने शनिवारची अठरा लिहिली, जतन केलं आणि जेवायला खाली गेली.